सिंथेसायझरच्या पोटातले भाग आणि त्याचा आवाज : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

कीबोर्डचा आवाज बसला, पातळ झाला, खरखरायला लागला अशी तक्रार घेऊन माणसे येतात, तेव्हा "बोर्ड गेला, नवा घ्या" हे उत्तर ऐकायची त्यांची बहुधा तयारी झालेली असते. कोल्हापुरात भजनी मंडळे, ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्ट्या आणि घरी शिकणारी मुले यांच्याकडे मिळून जुनी-नवी वाद्ये भरपूर आहेत, आणि त्यांतली कितीतरी केवळ एका कंडेन्सरपायी कपाटावर धूळ खात पडलेली मी पाहिली आहेत. कॅपॅसिटरला, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणाऱ्या छोट्या भागाला, आपल्याकडचे कारागीर कंडेन्सरच म्हणतात, म्हणून या लेखातही मी तोच शब्द वापरणार आहे.

वाद्याच्या आत शेकडो भाग असतात, पण आवाजाचा पोत ठरवण्यात त्या सगळ्यांचा वाटा सारखा नसतो. वीज आत येते तिथपासून आवाज जॅकमधून बाहेर पडतो तिथपर्यंत एक वाट असते आणि त्या वाटेवरच्या काही मोजक्याच जागी भाग बदलला की कानाला फरक कळतो. त्या जागा कोणत्या आणि तिथे काय ऐकायचे, एवढे समजले तरी निम्मे काम झाले असे मी मानतो. पुढच्या पायऱ्या त्याच वाटेने जातात. क्रम मोडू नका, कारण विजेचा दोष दूर न करता फिल्टरची (आवाजातले स्वर गाळणाऱ्या भागाची) परीक्षा घेणारा माणूस हमखास चुकीचा भाग काढून बसतो.

पायरी पहिली : उघडण्यापूर्वी ऐका

आधी आहे तसा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. मोबाइलचा रेकॉर्डर आवाज स्वतःहून लहानमोठा करतो, म्हणून शक्य असेल तर वाद्याची तार थेट संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसला जोडा. व्हॉल्यूम पूर्ण चढवून, एकही पट्टी न दाबता अर्धा मिनिट मुद्रित करा. मग खर्जातला एक सूर मिनिटभर धरा, तोच सूर प्रत्येक सप्तकात वाजवा आणि शेवटी प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ही दोन-तीन मिनिटांची नोंद म्हणजे तुमची मोजपट्टी आहे, कारण कान आदल्या दिवशीचा आवाज विसरतो आणि नव्या भागाचे पैसे दिले की आवाज सुधारल्यासारखा वाटू लागतो.

पट्टी न दाबताही गुणगुण येत असेल, तर तिचा सूर ओळखा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि रेक्टिफायर तिच्या दोन्ही अंगांना एकाच दिशेला वळवतो, त्यामुळे सप्लायमध्ये (वाद्याला वीज पुरवणाऱ्या भागात) शिल्लक राहिलेली लाट १०० हर्ट्झची होते. १०० हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा सूर. पेटी सुरात लावणाऱ्या माणसाला तो लगेच सापडतो. असा किंचित बोचरा आवाज आला तर संशय सप्लायच्या कंडेन्सरवर जातो. त्याच्याही एक सप्तक खाली, ५० हर्ट्झचा जड घुमारा असेल तर अर्थिंग, तारेवरची तुटलेली शील्ड (जाळी) किंवा चार्जरवर लावलेला लॅपटॉप आधी तपासावा. याच वेळी व्हॉल्यूम शून्यावर आणून पाहा. गुणगुण तशीच राहिली तर तिचा उगम व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे बाहेर पडायच्या टप्प्यात आहे. ती कमी झाली तर उगम मागे आहे. एका नॉबने निम्मा बोर्ड संशयातून मोकळा होतो.

पायरी दुसरी : वीज

नवशिक्यांनी ॲडाप्टरवर चालणाऱ्या वाद्यापासूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. ज्या वाद्यात थेट २३० व्होल्ट शिरतात, त्यातल्या एसएमपीएसच्या (घरातली वीज उतरवून देणाऱ्या सप्लायच्या) पहिल्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. तो भाग जाणत्या माणसाशेजारी बसून पाहिल्याशिवाय हाताळू नये.

ॲडाप्टरचे व्होल्टेज आणि त्याच्या पिनेची पोलॅरिटी वाद्यावर छापलेल्या चिन्हाशी जुळवून पाहा, कारण काही वाद्यांत आतली पिन धन असते तर काहींत ऋण. वाद्य सेलवर चालत असेल तर ॲडाप्टर काढून सेलवर लावा. गुणगुण गेली, तर दोष बहुधा ॲडाप्टरचा किंवा घरातल्या लाइनचा आहे. शिवाजी उद्यमनगरच्या आसपास राहणाऱ्यांच्या लाइनवर लेथ आणि मोटारींची चालू-बंद होताना होणारी कटकट येऊ शकते. ती कीबोर्डमध्ये ऐकू येते म्हणून कीबोर्ड उघडण्यात अर्थ नाही. मिरवणुकीत जनरेटरवर चालवतानाही हाच विचार आधी करावा.

दोष आतच असेल तर सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरकडे पाहा. गगनबावड्याकडच्या एका भजनी मंडळाचा कीबोर्ड माझ्या टेबलावर आला होता. तक्रार अशी, की गुणगुण येते आणि ठेका चालू केला की धरलेला सूर प्रत्येक समेला दचकतो. झाकण उघडून ट्यूबलाइटखाली बोर्ड तिरपा धरला, तेव्हा बाकीच्या कंडेन्सरांच्या माथ्यावर उजेडाची सपाट चकती दिसत होती आणि २२०० मायक्रोफॅरडच्या (मायक्रोफॅरड हे साठवणीचे माप) मोठ्या कंडेन्सरच्या माथ्यावर मात्र ती चकती घुमटासारखी वाकलेली होती. बुडाशी तपकिरी चिकट डाग होता. काढून मोजला तर जेमतेम ३०० मायक्रोफॅरड भरला. हा कंडेन्सर म्हणजे विजेची साठवणीची टाकी. ठेक्यातला ढोल वाजतो तेव्हा ॲम्प्लिफायर एकदम जास्त प्रवाह ओढतो, टाकी लहान झालेली असल्याने व्होल्टेज खाली बसते आणि त्याच क्षणी सूरही दचकतो. त्याच मापाचा, १०५ अंशांपर्यंत चालणारा नवा कंडेन्सर बसवला आणि दोन्ही तक्रारी एकदम गेल्या.

इलेक्ट्रोलिटिकच्या आत ओला लेप असतो आणि उष्णतेने तो सुकत जातो. तापमान १० अंशांनी कमी राहिले की आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणूनच ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचा घेणे शहाणपणाचे. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेजचा आकडा मूळच्या इतका किंवा थोडा जास्त घ्या आणि अंगावरची ऋण बाजूची पट्टी दोनदा तपासा. एसएमपीएसमध्ये मात्र लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेल्या, प्रकारचाच लागतो. साधा बसवला तर तो तापतो आणि काही महिन्यांत पुन्हा फुगतो.

पायरी तिसरी : आवाजाच्या वाटेवरचे कंडेन्सर

काही कंडेन्सर साठवणीसाठी नसतात. ते एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात फक्त आवाज सोडतात आणि डीसी अडवतात. अशा कंडेन्सरचे मूल्य घटले की वाद्य बंद पडत नाही, पण त्याचा खर्ज जातो. पुढच्या टप्प्याचा रोध १० किलोओहम आणि कंडेन्सर १ मायक्रोफॅरड असेल, तर सुमारे १६ हर्ट्झच्या खालचे तेवढे गाळले जाते, म्हणजे कानाला काहीच कमी पडत नाही. तोच कंडेन्सर सुकून ०.१ मायक्रोफॅरडवर आला, की गाळणीची रेषा १६० हर्ट्झवर चढते आणि डग्ग्याचा घुमारा, बासची बैठक सगळे पातळ होते. "स्पीकर बदलला तरी आवाज भरत नाही" या तक्रारीमागे मला पुष्कळदा हेच कारण सापडले आहे.

सिरॅमिक कंडेन्सरांत दोन जाती नीट ओळखाव्यात. सी०जी किंवा एनपी० या जातीचे मूल्य तापमानाने आणि व्होल्टेजने जवळजवळ हलत नाही. एक्स७आर जातीचे मूल्य त्यावर पडणाऱ्या व्होल्टेजनुसार बदलते, शिवाय त्याला टिचकी मारली तर ती आवाजात ऐकू येऊ शकते. सप्लायच्या पिनेजवळ एक्स७आर उत्तम काम करतो, पण फिल्टर आणि ऑसिलेटरमध्ये (सूर निर्माण करणाऱ्या भागात) सी०जी, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन हवा. पॉलिस्टायरीन सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळतो, म्हणून त्याचा पाय चिमट्याने धरूनच टाका मारावा.

पायरी चौथी : सूर जन्मतो ती जागा

ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये सूर ऑसिलेटर निर्माण करतो आणि बहुतेक वाद्यांत एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशेब असतो. व्होल्टेज सरळ रेषेत वाढते, पण सुराची कंपने प्रत्येक सप्तकाला दुप्पट व्हावी लागतात. हे रूपांतर सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या अंगभूत गुणधर्मावर चालते, आणि तो गुणधर्म तापमानाला फार हळवा आहे. ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायावर एक सप्तक म्हणजे अवघे १८ मिलिव्होल्ट असतात. तापमान एका अंशाने वाढले की तिथले व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने सरकते. म्हणजे एकट्या ट्रान्झिस्टरवर विसंबले, तर एका अंशाला सूर एका पट्टीपेक्षाही जास्त हलेल. म्हणून तिथे एकसारख्या गुणाचे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून बसवतात, जेणेकरून एकाचे सरकणे दुसरा खोडून काढतो. तरीही सप्तकांतल्या अंतरात अंशाला सुमारे ०.३३ टक्क्यांचा फरक उरतो. तो भरून काढायला तापमानाबरोबर तेवढाच वाढणारा विशेष रेझिस्टर त्या जोडीला टेकवून लावलेला असतो.

हे कानांनी ऐकायचे असेल तर उघड्या ॲनालॉग वाद्यावर एक सूर धरा, तंबोऱ्याचा सूर शेजारी चालू ठेवा आणि त्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर लांबूनच सावकाश श्वास सोडा. दोन सुरांमध्ये लाटा उठू लागतात, हळूहळू मंदावतात आणि काही सेकंदांनी पुन्हा सूर जुळतो. एकदा हे ऐकले, की मंडपातल्या दिव्यांखाली किंवा थंडीतल्या पहाटेच्या कार्यक्रमात वाद्य बेसूर का होते ते वेगळे सांगावे लागत नाही. वीस-तीस मिनिटे वाद्य तापू द्यावे, मगच सुरात लावावे. ती जोडी एकमेकींपासून सुटली असेल, किंवा कुणी तो विशेष रेझिस्टर काढून साधा बसवला असेल, तर मात्र कितीही वेळ तापवून उपयोग होत नाही.

पुढे हे सगळे एका आयसीत (चिपमध्ये) आले. सीईएम३३४० ही अशी प्रसिद्ध आयसी, जिच्यात तापमानाची भरपाई आतच केलेली आहे. आणखी एक वाट म्हणजे क्रिस्टलच्या घड्याळावरून सुराची गती ठरवायची. १९८४ च्या रोलँड जुनो-१०६ मध्ये ती वापरली आहे, आणि म्हणून त्याचा सूर हवामानाने हलत नाही. खुल्या मैदानात वाजवणाऱ्यांनी अशाच जातीचे किंवा डिजिटल वाद्य घ्यावे. घरी बसून ऐकणाऱ्याला मात्र दोन ॲनालॉग ऑसिलेटरांचे एकमेकांभोवती किंचित सरकणे सुखावते. तो दोष समजून काढायला जाऊ नये.

पायरी पाचवी : फिल्टर

मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्याने लावताना पाहिली आहे, त्याला फिल्टर समजायला वेळ लागत नाही. तार तीच, भोपळा तोच, पण घोडीवर तार किती घासत निघते आणि धागा कुठे सरकवला आहे यावर सुरातून स्वयंभू स्वर किती उमलतील ते ठरते. सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर कच्चा, सर्व स्वरांशांनी भरलेला आवाज देतो, आणि त्यातले काय ठेवायचे ते फिल्टर ठरवतो. वाद्याची ओळख सगळ्यात जास्त इथे असते.

रॉबर्ट मूग यांच्या शिडीच्या आकाराच्या फिल्टरला १९६९ मध्ये पेटंट मिळाले आणि १९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरचा आवाज त्यावर उभा आहे. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक, प्रत्येक पायरीला एक कंडेन्सर, अशा चार पायऱ्यांतून आवाज जातो आणि प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने वरचे स्वर उतरतात. ट्रान्झिस्टरची जोडी केवळ दहा-वीस मिलिव्होल्टपर्यंतच सरळ वागते. त्याहून मोठा आवाज आत घातला की लाटेचे माथे मऊपणे दबतात आणि नवे स्वरांश तयार होतात, ज्याला वादक "ऊब" म्हणतात. म्हणूनच फिल्टरच्या आधी असलेला मिक्सरचा नॉब कमी-जास्त केला की केवळ आवाजाची पातळीच नाही तर त्याचा पोतही बदलतो. हा प्रयोग भाग न बदलता करता येतो आणि प्रत्येकाने तो आधी करावा. शिडीतल्या जोड्या एकसारख्या नसतील, तर नॉब फिरवताना धप्प असा ठोका ऐकू येतो.

भाग बदलल्याने स्वभाव किती बदलतो याची साक्ष वाद्यांच्या इतिहासातच आहे. १९७८ च्या प्रॉफेट-५ च्या पहिल्या आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या आयसी होत्या आणि तिसऱ्या आवृत्तीत कर्टिस कंपनीच्या सीईएम आयसी आल्या. नाव तेच राहिले, तरी वादकांना आवाज वेगळा वाटला. २०२० मध्ये हे वाद्य पुन्हा निघाले तेव्हा दोन्ही जातींचे फिल्टर त्यात बसवले आणि निवड वादकावर सोडली. १९७८ चाच कॉर्ग एमएस-२० आधी एका प्रकारच्या फिल्टरसह आणि नंतर ओटीए (व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करणारा ॲम्प्लिफायर) आयसीच्या फिल्टरसह निघाला; त्याचे चाहते आजही दोन्हींत फरक करतात.

फिल्टरची आयसी बिघडली तर तीच किंवा तिची थेट प्रतिकृतीच घ्यावी. जुनो-१०६ मध्ये ८००१७ए नावाचे सहा घटक आहेत, सहा आवाजांना एकेक. त्यांच्यावरच्या राळेच्या लेपामुळे ते काळाच्या ओघात बिघडतात. त्याची खूण अशी, की एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली असता दर सहाव्या वेळी तडतड येते किंवा सूर गायब होतो. पट्टी खराब आहे असे समजून कीबोर्ड खोलणारे पुष्कळ भेटतात, म्हणून आधी मोजून पाहा.

पायरी सहावी : ऑप-अँप आणि रेझिस्टर

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त उत्साह इथे असतो आणि फायदा सगळ्यात कमी. जुन्या वाद्यात ७४१ हा ऑप-अँप (आवाज वाढवून पुढे सोडणारी आयसी) असेल तर टीएल०७२ घालण्यात अर्थ आहे, कारण ७४१ चे व्होल्टेज मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्टच चढते, त्यामुळे करवती लाटेचा उभा कडा तिरका होऊन वरची धार बोथट होते. टीएल०७२ त्याच्या वीसपटीहून वेगवान आहे. मात्र ७४१ मध्ये एकच ऑप-अँप असतो आणि टीएल०७२ मध्ये दोन, म्हणून थेट जागेवर टीएल०७१ बसतो, हे लक्षात ठेवा. एनई५५३२ चा खळखळाट कमी आहे, पण तो इनपुटला जास्त प्रवाह ओढतो आणि मोठ्या रोधाच्या सर्किटमध्ये घातला तर डीसी सरकून उलट ठोके ऐकू येतात. रेझिस्टर जळला किंवा मूल्य सोडून गेला असेल तर एक टक्क्याचा मेटल फिल्म घाला. सरसकट बदलू नका.

पायरी सातवी : डिजिटल वाद्ये

आपल्याकडच्या बहुतेक कीबोर्डांत आवाज आकड्यांच्या रूपात असतो आणि डीएसी नावाची आयसी त्याचे लाटेत रूपांतर करते. दर बिटला सुमारे ६ डेसिबल असा हिशेब धरला तर १६ बिटला सुमारे ९६ डेसिबलची उंची मिळते. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये डीएसी १२ बिटचा होता, आणि विरत जाणाऱ्या सुराच्या शेपटीत जी बारीक रवाळी ऐकू येते तिचा त्याच्याशी संबंध आहे. कॅसिओ एसके-१ मध्ये ८ बिटचे, सुमारे ९.४ किलोहर्ट्झचे सँपलिंग होते, म्हणजे ४.७ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच त्यात टिकत नाही, आणि "स" चा सीत्कार मुद्रित केला तर तो नाहीसा होतो. ही मर्यादा भाग बदलून जात नाही. डीएसीनंतरचे कंडेन्सर आणि बाहेर पडायचा ऑप-अँप एवढेच सुधारण्यासारखे असते, आणि त्यांची परीक्षा तिसऱ्या व सहाव्या पायरीत झालीच आहे. अंतर्गत बॅटरी संपली की मात्र साठवलेले आवाज पुसले जातात. ती संपण्याआधीच आवाज संगणकावर उतरवून घ्या आणि मग ती बदला.

पायरी आठवी : नॉब, जॅक आणि पट्ट्यांचे रबर

नॉब फिरवताना खरखर आली, तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि दमट थर बसलेला असतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच काँटॅक्ट क्लीनर, तोही थेंबभर वापरावा. गंज सोडवणारा साधा तेलकट स्प्रे मारला की दोन दिवस बरे वाटते आणि नंतर तिथे धूळ चिकटून राहते. नॉबचा पॉट बदलायचाच असेल, तर अंगावरचे अक्षर पाहा. जपानी आणि आशियाई बनावटीत ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. व्हॉल्यूमला बी घातला की नॉब हलवताच आवाज एकदम चढतो आणि पुढे काहीच वाढत नाही.

पट्टी जोरात दाबूनही हळू वाजत असेल किंवा एकदम ओरडत असेल, तर रबराच्या पट्टीतले काळे ठिपके आणि खालचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा. जॅकचा आवाज येतो-जातो असेल तर भिंगाखाली त्याचे टाके पाहा. पिनेभोवती केसाएवढी गोल चीर दिसते, ज्याला कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात. जुना टाका ओढून काढून नवा मारावा, नुसते वरून कथील चढवू नये.

एका वेळी एकच भाग बदला, झाकण न लावता वाद्य चालू करा आणि पहिल्या पायरीतलीच ध्वनिमुद्रणे त्याच क्रमाने पुन्हा करा. दोन्ही नोंदी संगणकावर एकाच पातळीला आणून लागोपाठ ऐका, आणि कोणती नवी ते ऐकणाऱ्याला सांगू नका. वही ठेवा : तारीख, भागाचे मूल्य, जुन्याचे मोजमाप. वाद्य कव्हरात घालून ठेवत असाल तर जून सुरू होण्याआधी आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, आणि पाऊस लागून राहिला असेल तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी वाद्य चालू ठेवा, म्हणजे आतली उष्णता बोर्डावरचा दमटपणा घालवते.